विल्यम जस्टिन क्रोल

विल्यम जस्टिन क्रोल (जन्म : २४ नोव्हेंबर, १८८९, एश-स्युर-आल्झेट, लक्झेंबर्ग, मृत्यू : ३० मार्च, १९७३, ब्रसेल्स, बेल्जियम) हे लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले धातुशास्त्रज्ञ होते. टिटॅनियम टेट्राक्लोराइडचे मॅग्नेशियमच्या साहाय्याने क्षपण करून तन्य, म्हणजे न तुटता ताणता व वाकवता येणारे, टिटॅनियम मिळवण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. ही पद्धत क्रोल प्रक्रिया या नावाने ओळखली जाते. झिर्कोनियम या धातूच्या उत्पादनासाठीही त्यांनी हीच पद्धत यशस्वीपणे वापरली. विमाने, जेट इंजिने, रासायनिक कारखाने, अणुभट्ट्या आणि शस्त्रक्रियेत वापरले जाणारे कृत्रिम सांधे या सर्व क्षेत्रांत आज जे टिटॅनियम व झिर्कोनियम वापरले जाते, त्यांपैकी बहुतांश क्रोल प्रक्रियेने तयार होते.

जन्म आणि शिक्षण

क्रोल यांचा जन्म दक्षिण लक्झेंबर्गमधील एश-स्युर-आल्झेट या गावी झाला. त्यांचे मूळ फ्रेंच नाव गिय्योम असे होते. हा भाग लोहखनिजाच्या खाणींसाठी आणि झोतभट्ट्यांसाठी प्रसिद्ध होता. क्रोल यांच्या कुटुंबाचाही लोखंडाच्या उद्योगाशी संबंध होता, त्यामुळे वितळलेला धातू व भट्ट्या यांचे वातावरण त्यांना लहानपणापासून परिचयाचे होते. शालेय शिक्षणानंतर त्यांनी जर्मनीत बर्लिनजवळील शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक महाविद्यालयात धातुशास्त्राचा अभ्यास केला आणि तेथेच डॉक्टरेट मिळवली.

प्रारंभीचे संशोधन

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत कथिल दुर्मीळ झाले होते. यंत्रांच्या धारव्यांसाठी, म्हणजे बेअरिंगसाठी, कथिलयुक्त मिश्रधातू वापरत असत. त्याला पर्याय म्हणून शिशामध्ये कॅल्शियमसारखे धातू अल्प प्रमाणात मिसळून धारव्यांचा मिश्रधातू तयार करण्याच्या कामात क्रोल यांचा सहभाग होता. फिरता दांडा आणि त्याला आधार देणारा धातू यांच्यातील घर्षण व झीज हा प्रश्न अशा रीतीने त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच त्यांच्यासमोर आला.

याच अनुभवातून शिशाचे शुद्धीकरण करण्याची त्यांची पद्धत पुढे आली. शिशाच्या खनिजात बिस्मथ हा धातू असतो व तो काढून टाकणे अवघड असते. वितळलेल्या शिशात कॅल्शियम व मॅग्नेशियम घातले की ते बिस्मथशी संयोग पावतात. तयार झालेले संयुग शिशापेक्षा हलके व उच्च वितळणबिंदूचे असल्यामुळे पृष्ठभागावर तरंगते आणि सायीसारखे काढून घेता येते. अमेरिकेतील बेटरटन यांनी ही पद्धत औद्योगिक स्वरूपात आणली. त्यामुळे ती क्रोल-बेटरटन प्रक्रिया म्हणून ओळखली जाते.

दोन किंवा अधिक धातू ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन असे जे संयुग बनते त्याला आंतरधातवीय संयुग म्हणतात. साध्या मिश्रधातूत एका धातूचे अणू दुसऱ्यात विरघळल्यासारखे विखुरलेले असतात. आंतरधातवीय संयुगात मात्र प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. या शिस्तबद्ध रचनेमुळे ही संयुगे सामान्यतः कठीण असतात, उष्णतेला टिकतात. पण ठिसूळही असतात.

१९२३ मध्ये क्रोल यांनी लक्झेंबर्ग शहरात स्वतःची खाजगी प्रयोगशाळा उभारली. कोणत्याही विद्यापीठाचा किंवा मोठ्या कंपनीचा आधार नसताना, आपल्या पेटंटांच्या उत्पन्नावर ते संशोधन करीत राहिले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूंत टिटॅनियम आणि बेरिलियम अल्प प्रमाणात मिसळून त्यांचा अभ्यास केला. योग्य उष्णता दिल्यास अशा मिश्रधातूत आंतरधातवीय संयुगाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि संपूर्ण धातू कठीण होतो, असे या अभ्यासातून दिसून आले. या कामामुळे त्यांचे लक्ष टिटॅनियमकडे वेधले गेले.

टिटॅनियमचा प्रश्न

टिटॅनियमचा शोध इंग्लंडमधील विल्यम ग्रेगर यांनी १७९१ मध्ये कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत लावला आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी १७९५ मध्ये त्याला टिटॅनियम हे नाव दिले. पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य विपुल आहे. यंत्रे व बांधकामासाठी उपयोगी पडणाऱ्या धातूंत ॲल्युमिनियम, लोखंड व मॅग्नेशियम यांच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. असे असूनही पुढची जवळजवळ दीडशे वर्षे हा धातू उद्योगात वापरता आला नाही.

याचे कारण टिटॅनियमच्या रासायनिक स्वभावात आहे. तापलेले टिटॅनियम ऑक्सिजन, नायट्रोजन व कार्बन यांच्याशी तत्काळ संयोग पावते. यांपैकी एखादे मूलद्रव्य थोडे जरी धातूत शिरले तरी धातू ठिसूळ होतो व हातोड्याखाली फुटतो. लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत त्याचे खनिज वितळवले, तर शुद्ध धातूऐवजी त्याचे कार्बाइड हाती येते. अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी १९१० मध्ये बंद पोलादी पात्रात टिटॅनियम टेट्राक्लोराइड व सोडियम यांची अभिक्रिया घडवून शुद्ध धातू मिळवला. नेदरलँड्समध्ये व्हान आर्केल व डी बूर यांनी १९२५ मध्ये आयोडाइडच्या साहाय्याने अत्यंत शुद्ध टिटॅनियम तयार केले. परंतु या दोन्ही पद्धती तेव्हा प्रयोगशाळेपुरत्याच राहिल्या.

क्रोल प्रक्रिया

क्रोल यांनी १९३०च्या दशकात प्रथम सोडियम व नंतर कॅल्शियम वापरून प्रयोग केले. अखेरीस त्यांनी मॅग्नेशियमची निवड केली. ही निवड दोन कारणांनी महत्त्वाची ठरली. मॅग्नेशियम क्लोरीनला टिटॅनियमपासून ओढून घेते, पण स्वतः टिटॅनियमशी संयुग बनवत नाही. याउलट ॲल्युमिनियम वापरल्यास ते टिटॅनियमशी जोडले जाऊन टिटॅनियम ॲल्युमिनाइड ही कठीण व ठिसूळ आंतरधातवीय संयुगे तयार होतात आणि शुद्ध धातू हाती लागत नाही. दुसरे कारण म्हणजे मॅग्नेशियम सोडियमपेक्षा हाताळण्यास कमी धोक्याचे असते.

प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. टिटॅनियमच्या खनिजाला कार्बनबरोबर तापवून त्यावरून क्लोरीन वायू सोडतात. त्यातून टिटॅनियम टेट्राक्लोराइड हा १३६ अंश सेल्सियसला उकळणारा द्रव मिळतो. त्याचे ऊर्ध्वपातन करून तो शुद्ध करतात. मग बंद पात्रात सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सियसला वितळलेल्या मॅग्नेशियमवर हा द्रव सोडतात. मॅग्नेशियम क्लोराइड व टिटॅनियम तयार होतात. क्लोराइड वेगळे केले की मागे सच्छिद्र धातू उरतो. दिसण्यावरून त्याला स्पंज म्हणतात. हा स्पंज दाबून, निर्वात विद्युत भट्टीत वितळवून त्याचे ठोकळे पाडतात.

या प्रक्रियेत क्रोल यांनी विशेष काळजी घेतली ती हवा दूर ठेवण्याची. नायट्रोजनही टिटॅनियमला चालत नाही, म्हणून पात्रात आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. पात्राच्या लोखंडाचा अंश धातूत उतरू नये म्हणून प्रारंभीच्या प्रयोगांत पात्राला मॉलिब्डेनमचे अस्तर दिले. अशा रीतीने मिळालेले टिटॅनियम लाटून त्याचे पत्रे व ओढून तारा करता येत होत्या.

१९३०च्या दशकात त्यांनी आपले नमुने घेऊन अमेरिकेचा प्रवास केला आणि तेथील कंपन्यांना ही पद्धत देऊ केली. टिटॅनियमचे वजन पोलादाच्या सुमारे ६० टक्केच असते व ते गंजत नाही, हे दिसत असूनही कोणत्याही कंपनीने त्या वेळी पुरेशी उत्सुकता दाखवली नाही.

स्थलांतर आणि पेटंटचा वाद

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लक्झेंबर्गवर आक्रमण होणार हे ओळखून क्रोल यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये देश सोडला व ते अमेरिकेत गेले. १० मे, १९४० रोजी जर्मन सैन्य लक्झेंबर्गमध्ये शिरले. त्यानंतर २५ जून, १९४० रोजी त्यांना टिटॅनियमच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्याच वर्षी इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तन्य टिटॅनियमच्या उत्पादनावरील त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

अमेरिका युद्धात उतरल्यानंतर परकीय मालमत्तेची देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने हे पेटंट ताब्यात घेतले. लक्झेंबर्ग शत्रूच्या ताब्यात असल्यामुळे तेथील नागरिकाच्या नावावरील हक्क शत्रूच्या मालमत्तेत गणला गेला. ज्या राजवटीच्या भीतीने क्रोल यांनी घर व प्रयोगशाळा सोडली, तिच्याच ताब्यातील प्रदेशाचे नागरिक म्हणून त्यांचा हक्क गेला. याच काळात टिटॅनियमचे महत्त्व वाढत होते. अमेरिकेच्या खाण विभागाने, म्हणजे ब्युरो ऑफ माइन्स या संस्थेने, क्रोल प्रक्रियेवर आधारित प्रायोगिक उत्पादन सुरू केले आणि १९४८ मध्ये ड्यू पाँ या कंपनीने टिटॅनियम स्पंजची व्यापारी विक्री सुरू केली. क्रोल यांना आपल्या हक्कासाठी दीर्घ काळ न्यायालयीन लढा द्यावा लागला. युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी त्यांचा हक्क मान्य झाला.

झिर्कोनियमवरील कार्य

अमेरिकेत आल्यावर क्रोल यांनी काही काळ न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स येथे युनियन कार्बाइड कंपनीच्या संशोधन विभागात काम केले. १९४५ मध्ये ते ओरेगॉन राज्यातील ऑल्बनी येथील ब्युरो ऑफ माइन्सच्या केंद्रात रुजू झाले. तेथे त्यांनी मॅग्नेशियमने क्षपण करण्याची पद्धत झिर्कोनियमला लागू केली आणि तन्य झिर्कोनियम तयार केले.

झिर्कोनियम न्यूट्रॉन फारच थोड्या प्रमाणात शोषतो व गरम पाण्यातही लवकर गंजत नाही. त्यामुळे अणुभट्टीतील इंधनाच्या नळ्यांसाठी तो अत्यंत योग्य ठरला. मात्र खनिजात त्याच्यासोबत असणारे हाफ्नियम न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणात शोषते, म्हणून ते आधी वेगळे करावे लागते. २१ जानेवारी, १९५४ रोजी जलावतरण झालेल्या नॉटिलस या पहिल्या अणुशक्तीवरील पाणबुडीच्या भट्टीत झिर्कोनियमचा मिश्रधातू वापरला होता.

१९५१ पासून क्रोल यांनी कॉर्व्हॅलिस येथील ओरेगॉन स्टेट कॉलेजमध्ये अध्यापन केले. १९६१ मध्ये ते युरोपात परतले व ब्रसेल्स येथे स्थायिक झाले. ते अविवाहित होते.

टिटॅनियमची झीज आणि आंतरधातवीय लेप

क्रोल यांच्या पद्धतीमुळे टिटॅनियम उपलब्ध झाले, तेव्हा त्याच्या एका मोठ्या उणिवेचाही अनुभव आला. टिटॅनियमचे मिश्रधातू बळकट व हलके असले तरी घासण्याला टिकत नाहीत. ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू सर्वाधिक वापरला जातो. त्यालाही हे लागू आहे.

टिटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो धातूला गंजण्यापासून वाचवतो. परंतु दोन भाग एकमेकांवर दाबाखाली घासले की हा थर फुटतो. उघडा पडलेला धातू समोरच्या पृष्ठभागाला चिकटतो, पुढच्या क्षणी त्याचा तुकडा निघतो आणि तो तुकडाच ओरखडे पाडू लागतो. टिटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे घासणारी जागा अधिकच तापते. टिटॅनियमचे नट व बोल्ट वंगणाशिवाय घट्ट आवळल्यास अनेकदा एकमेकांत जाम होतात. जेट इंजिनात टिटॅनियमचे पाते टिटॅनियमच्याच कवचाला घासले तर धातू पेट घेण्याचा धोका असतो. कृत्रिम खुब्यात हाडात बसवायचा दांडा टिटॅनियमचा असतो, पण सांध्यात फिरणारा गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा ठेवतात. टिटॅनियमचे गोळे वापरून पाहिले असता ते झिजून त्यांचे काळे कण आसपासच्या पेशींत साचल्याचे आढळले होते.

यावरील एक उपाय म्हणजे आतील धातू तसाच ठेवून केवळ पृष्ठभाग कठीण करणे. तापलेल्या टिटॅनियमला नायट्रोजन देऊन वर टिटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर तयार करणे ही त्याची एक रीत आहे. दुसरी रीत आंतरधातवीय लेपाची. ॲल्युमिनियमची पूड, निष्क्रिय भुकटी आणि अमोनियम क्लोराइड यांच्या मिश्रणात टिटॅनियमचा भाग पुरून तो आर्गॉनमध्ये तापवतात. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या बाष्परूपाने पृष्ठभागापर्यंत पोहोचते, आत मुरते आणि तेथे टिटॅनियम ॲल्युमिनाइडचा थर तयार होतो. याशिवाय लेसरच्या साहाय्याने टिटॅनियमवर निकेल किंवा सिलिकॉनयुक्त पूड वितळवून टिटॅनियम-निकेल व टिटॅनियम-सिलिकॉन यांची कठीण संयुगे असलेले जाडसर लेपही तयार केले जातात. असे लेप पोलाद किंवा इतर धातू घासला गेल्यास चिकटत नाहीत आणि झीज कमी होते.

अशा लेपांचे संशोधन क्रोल यांनी केलेले नाही. ते पुढच्या पिढ्यांतील संशोधकांचे कार्य आहे. तरीही त्यामागील रसायन क्रोल यांच्या कामाशी जवळून निगडित आहे. धातू मिळवताना जी संयुगे टाळणे आवश्यक होते, तीच संयुगे लेपासाठी मुद्दाम तयार केली जातात. क्लोराइडचे बाष्प आणि आर्गॉनचे वातावरण ही साधनेही दोन्हीकडे सारखीच आहेत. फरक मात्रेचा व जागेचा आहे. जे संयुग संपूर्ण धातूत पसरले तर धातू निरुपयोगी ठरतो, तेच पृष्ठभागापुरते ठेवले तर त्याचे रक्षण करते.

या लेपांना मर्यादाही आहेत. आंतरधातवीय संयुगे ठिसूळ असल्यामुळे धक्क्याने लेपाला तडे जाऊ शकतात. लेप व आतील धातू उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसतील तर लेप सुटतो. तसेच लेपातील तडा आतल्या धातूत शिरल्यास वारंवार ताण सोसण्याची त्या भागाची क्षमता कमी होते. त्यामुळे विमानाच्या महत्त्वाच्या भागांवर लेप देताना झीज आणि थकवा या दोन्ही गोष्टींची चाचणी करावी लागते.

भारत आणि महाराष्ट्र

भारताच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज मोठ्या प्रमाणात आढळते. केरळ, तमिळनाडू व ओडिशाप्रमाणेच महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही त्याचे साठे आहेत. केरळमधील चवरा येथे २०११ मध्ये टिटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ५०० टन असून हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले क्रोल प्रक्रियेचे तंत्र तेथे वापरले जाते. स्पंजपासून मिश्रधातूंचे ठोकळे करण्याचे काम हैदराबाद येथील मिश्र धातु निगम करते.

तारापूर येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तेथील अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. भारतात झिर्कोनियम स्पंज क्रोल प्रक्रियेनेच तयार होतो.

नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी स्थापन झाला. पुढे तेथे सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. त्यांच्या रचनेत टिटॅनियमच्या मिश्रधातूंचा वापर आहे. नाशिक शहरातील अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहतींत यंत्रभागांची कातकामे करणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत वापरली जाणारी सोनेरी रंगाची ड्रिल व कातण्याची हत्यारे हे टिटॅनियम नायट्राइडच्या लेपाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. टिटॅनियमचे संयुग पोलादी हत्याराची धार टिकवते. स्वतः टिटॅनियमचा भाग कातणे मात्र अवघड असते, कारण तो हत्याराला चिकटतो, उष्णता धारेपाशी साठते व धार लवकर जाते. म्हणून त्यासाठी वेग कमी आणि शीतक द्रवाचा प्रवाह भरपूर ठेवावा लागतो.

मृत्यू आणि वारसा

क्रोल यांचे ३० मार्च, १९७३ रोजी ब्रसेल्स येथे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स या संस्थेत १९७४ मध्ये धातुनिष्कर्षणाच्या अभ्यासासाठी क्रोल संस्था स्थापन झाली. झिर्कोनियमच्या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने पदक दिले जाते. टिटॅनियमची सूक्ष्मरचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक व नायट्रिक आम्लांचे जे सौम्य द्रावण वापरतात, तेही क्रोल द्रावण या नावाने ओळखले जाते. टिटॅनियमवरील लेप किती जाड बसला व तो आतील धातूशी कसा जोडला गेला, हे तपासतानाही हेच द्रावण उपयोगी पडते.

आपली पद्धत फार काळ टिकणार नाही व वितळलेल्या क्षारांच्या विद्युत अपघटनाने टिटॅनियम स्वस्तात मिळू लागेल, असे क्रोल यांचे मत होते. त्या दिशेने पुष्कळ प्रयत्न झाले. इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी २००० मध्ये अशी एक पद्धत जाहीर केली. तथापि क्रोल प्रक्रिया अद्याप मागे पडलेली नाही. ती एका वेळी एकाच पात्रापुरती, अनेक दिवस चालणारी व भरपूर ऊर्जा लागणारी आहे, आणि टिटॅनियम महाग असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. धातू महाग असल्यामुळे त्याचा प्रत्येक भाग अधिक काळ टिकणे गरजेचे ठरते. झीजरोधक लेपांच्या संशोधनाला मिळणारे महत्त्व त्यामुळेच वाढले आहे.